टॅक्सच्या धास्तीने शेअर, प्लॉट विकायचं अडवून ठेवताय? या चुका टाळा

आमच्या मामांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, हिशोबाला एकदम पक्के, पण शेअर विकताना अडकलेच. ६ लाखाचे ८ लाख झालेले, पैशाची गरजपण होती, पण वर्ष पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी म्हणून थांबले, कारण लिस्टेड (बाजारात नोंदलेले) शेअर वर्षाच्या आत विकले की नफ्यावर २०%, म्हणजे ४० हजार, आणि वर्षानंतर पहिले सव्वा लाख सोडून उरलेल्या ७५ हजारावर साडेबारा टक्के, म्हणजे ९,३७५ (टॅक्सवरचा उपकर, म्हणजे सेस, वेगळा). तीस हजार वाचताना कोण विकेल? तेवढ्यात भाव पडला, ८ चे ७ लाख ४० हजार झाले, टॅक्स जवळजवळ शून्य पण हातात वीसेक हजार कमीच आले.

थांबायच्या आधी एक आकडा काढाच. मामांच्या केसमध्ये भाव साडेचार टक्के पडला की सगळी बचत संपत होती, आणि तेवढा तर शेअर दोन दिवसात हलतो ना. शेअरवर विश्वास असेल तर खुशाल थांबा, नुसत्या टॅक्ससाठी नको.

याच्या उलटी चूकपण होते. सव्वा लाखाची सूट दर आर्थिक वर्षाची, ३१ मार्चला संपते, पुढे जोडून मिळत नाही, तरी लोक दहा वर्षं हात न लावता एकदम सगळं विकतात. आणि एसआयपीला (म्युच्युअल फंडात दर महिन्याला भरायचा हप्ता) वर्ष झालं म्हणजे सगळे युनिट वर्षाचे झाले असं नसतं, प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात.

जागेचं जास्त जपा. जुळे सोलापुरातला आजोबांकडून आलेला प्लॉट असेल तर कमी टॅक्ससाठी लागणारी दोन वर्षांची मुदत आजोबांनी घेतला तेव्हापासून धरतात, त्यामुळे "नावावर होऊन दोन वर्षं झाली नाहीत" म्हणून चांगलं गिऱ्हाईक परत पाठवू नका. जागा २३ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) न लावता साडेबारा टक्के आणि लावून २०% असे दोन्ही हिशोब करून बघा, कमी येईल तो टॅक्स भरायचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र पुढची आहे. राहतं घर विकून घर घेतलं तर टॅक्स वाचवायला नुसता नफा गुंतवला तरी चालतं, पण प्लॉट विकून घर घेताना पूर्ण सूट पाहिजे तर विक्रीची सगळी रक्कम घालावी लागते. नवीन घर ठरलं नसेल तर रिटर्नच्या तारखेआधी ते पैसे बँकेत कॅपिटल गेन अकाउंट उघडून त्यात टाका, साध्या सेव्हिंगला ठेवलेले धरत नाहीत.