कोकणातल्या दमट हवेत वॅक्स की रेझर?
मालवण-वेंगुर्ल्याकडच्या हवेत घामेजल्या त्वचेवर वॅक्स नीट धरत नाही. आधी अंग कोरडं पुसून थोडी टाल्कम पावडर लावा. केसही निदान ५ मिलिमीटर वाढलेले हवेत. मुळापासून निघाले की ३-४ आठवडे निवांत. पण त्याच दिवशी समुद्रात उतरू नका. खारं पाणी असलं झोंबतं, की बस! २४ तास, जमल्यास ४८, थांबा.

उद्याच तारकर्लीला जायचंय? मग रेझर बरा. त्याने केस जाड होतात ही भीती खोटी. टोक बोथट कापलं जातं म्हणून खुंट टोचतात, एवढंच. ओठांच्या वरच्या केसांना थ्रेडिंग (दोऱ्याने केस उपटणं) बरं. केस काढायची क्रीम वापरणार असाल तर आधी हातावर थोडीशी लावून दिवसभर बघा. चेहऱ्यावर रेटिनॉल (सुरकुत्या-मुरुमांसाठीच्या क्रीममधला घटक) लावत असाल तर तिथे वॅक्स नकोच, त्वचा सोलवटते.