वस्तऱ्याने दाढी शिकताय? या चुका टाळा

मी वस्तरा हातात घेतला त्याला आता तीन वर्षं होतील. पहिले दोन महिने दर रविवारी गालावर किंवा जबड्याखाली एखादी लाल रेघ उमटायचीच. वस्तरा बदलला, ब्लेड बदललं, साबण बदलला, तरी तेच. शेवटी ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्या काकांकडे बाबा वर्षानुवर्षं दाढीला जायचे, त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "काका, माझं कुठे चुकतंय ते जरा बघा." त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, दोनदा वस्तरा फिरवू दिला आणि विचारलं, "तुझा दुसरा हात कुठाय रे?"

दुसरा हात बेसिनच्या काठावर होता.

नवशिक्याचं सगळं लक्ष वस्तऱ्याच्या हाताकडे असतं. कातडी धरणाऱ्या हाताकडे कुणी बघत नाही, आणि बहुतेक जखमा तिथेच होतात. सैल कातडीवर ब्लेड आलं की पुढे कातडीची बारीक घडी गोळा होते आणि धार त्या घडीत शिरते. म्हणून वस्तरा खाली जाणार असेल तर वरून कातडी ओढून धरायची. कल्ल्यापाशी सुरुवात करताना बोटं कानाच्या पुढे, वरच्या बाजूला. जबड्याच्या कडेवर यायच्या आधीच गाल वर ओढायचा, म्हणजे खालची कातडी हाडावर सरकून सपाट होते. मानेला हनुवटी वर करून मान थोडी वळवायची. फेसामुळे बोटं घसरतात, तर काका तुरटीचा ओला खडा बोटांच्या टोकांवर घासतात आणि मग धरतात. करून बघा, पकड लगेच बदलते.

यात एक अपवाद आहे. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या उठतात, त्यांनी कातडी फार ताणू नये. ताणलेल्या कातडीवर केस खोल कापला जातो, सोडल्यावर त्याचं टोक आत जातं आणि आतल्या आत वाढतं. अशांनी हलक्या हाताने, केसांच्या दिशेने एकदाच वस्तरा फिरवून थांबावं. पुटकुळ्या उठलेल्या असतील तर त्या पूर्ण बसेपर्यंत दाढी बंद.

ब्लेड नीट न बसवणं

आपल्याकडच्या बहुतेक वस्तऱ्यांत साध्या दुधारी ब्लेडचं अर्धं पातं बसतं. हे ब्लेड सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचं असतं. ते कागदातच ठेवून, दोन्ही कडा बोटांत धरून, लांबीच्या दिशेने मधोमध दुमडायचं, कटकन दोन तुकडे होतात. कागद काढून मोडायला जाऊ नका. उरलेलं अर्धं त्याच कागदात परत ठेवा.

पातं बसवल्यावर वस्तरा उजेडात आडवा धरून बघा. धार एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी बाहेर आलेली दिसली, तर पातं तिरकं बसलंय. मी सुरुवातीला ऑनलाइन एक स्वस्त वस्तरा मागवला होता. त्याची पकड ढिली होती आणि दाढी चालू असताना पातं अर्ध्या केसाएवढं सरकलं. कानाखाली झालेल्या त्या जखमेची खूण अजून आहे. पातं आत हलत असेल तर तो वस्तरा वापरूच नका, कितीही चांगला दिसो.

आणि कोपरे जपा. अर्ध्या पात्याची दोन्ही टोकं टोकदार असतात. नाकाच्या बाजूला आणि कानाच्या पाळीपाशी कापतं ते बहुधा याच कोपऱ्यांनी. तिथे पात्याचा मधला भाग टेकवायचा आणि नजर कोपऱ्यावर ठेवायची.

कोन आणि दाब

वस्तरा गालावर सपाट ठेवा, मग पाठ हळूहळू उचला. काटकोनाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 30 अंशांच्या आसपास आलात की थांबा. याहून जास्त उचललात तर धार कातडी खरवडते, अगदीच सपाट ठेवलात तर केस कापण्याऐवजी ओढते. हनुवटीवर आणि ओठाच्या वर अजून थोडा सपाट.

दाबाचं सांगायचं तर, दाब द्यायचाच नाही. चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार लावतात त्या जुन्या वस्तऱ्याचं पातं जड असतं, ते थोडं सांभाळून घेतं. अर्धं ब्लेड हलकं आणि पातळ असल्यामुळे हात आपोआप दाबू लागतो. काकांनी मला यावर एक उपाय सांगितला. पंखा बंद कर, नळ बंद कर आणि ऐक. केस कापला जातो तेव्हा कोरडा, बारीक खरखर आवाज येतो. आवाज एकसारखा असेल तर कोन बरोबर आहे. आवाज नाही, नुसतं घसरतंय, तर कोन फार सपाट झालाय किंवा तिथे केसच उरलेले नाहीत. पंखा बंद करण्याचा आणखी एक फायदा, फेस वाळत नाही. वाळलेल्या फेसावरून वस्तरा फिरवणं ही वेगळी चूक मोजायला हरकत नाही.

वस्तरा नेहमी धारेला काटकोनात, सरळ पुढे जायला हवा. एक-दोन सेंटीमीटरचे छोटे फटकारे घ्या. तो कडेने सुरीसारखा सरकला की क्षणात रेघ उमटते. म्हणून ब्लेड टेकलेलं असताना थांबून विचार करायचा नाही. शंका आली की आधी वस्तरा उचला.

ओढ बसते, आग होते, केस राहतात

ओढ बसत असेल तर आधी पाणी बघा. दाढीचा केस पाणी पिऊन मऊ होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. अंघोळीनंतर लगेच दाढी करणं सगळ्यांत सोपं. घोडबंदर रोडला ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे फेस नीट धरत नाही, कारण जड पाण्यात साबण फुटतो. तिथे वाटीभर पिण्याचं पाणी वापरा, फरक लगेच दिसेल. एवढं करूनही ओढत असेल तर ब्लेड बोथट आहे. मी एक अर्धं पातं तीन दाढ्यांपुढे नेत नाही.

आग होत असेल तर तुम्ही एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा वस्तरा फिरवताय, तोही फेस न लावता.

केस राहत असतील तर ते राहू द्या. पहिले दोन-तीन आठवडे फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करा, बाकीचं नेहमीच्या रेझरने. मग मान, मग हनुवटी, ओठाच्या वरचा भाग सर्वांत शेवटी. उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, महिना-दोन महिने तरी मारू नका. शिवाय मानेवर केसांची दिशा जागोजागी बदलते. एक दिवस खुंट वाढू द्या, बोट फिरवा, जिकडून खरखरीत लागेल ती उलटी बाजू.

हे सगळं ठाणे स्टेशनवरून आठची फास्ट पकडायची असेल त्या सकाळी अजिबात करू नका. रविवार ठेवा, हातात अर्धा तास ठेवा.

कापलं तर

थंड पाण्याने धुवा आणि स्वच्छ कपड्याने पाच मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं. मग तुरटी. ती रक्तस्राव थांबवते, खोल जखम भरत नाही. पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग सुरूच करू नका.

ब्लेड आणि तुरटी घरातसुद्धा कुणाशी वाटून घेऊ नका. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढं रक्तही लागत नाही. सलूनमध्येही ब्लेड आपल्यासमोर कागदातून काढायला सांगा. काका तर न सांगताच गिऱ्हाइकाला दाखवून मग मोडतात.

दाढी झाली की पातं काढा, वस्तरा धुवा, उघडा ठेवून वाळवा. आपल्याकडे पावसाळ्यात पकडीच्या खाचेत पाणी राहिलं की आठवड्यात गंज दिसतो. धार टॉवेलला पुसू नका.

वापरलेलं पातं थेट कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, कागदात गुंडाळूनसुद्धा नको. पिशव्या उघडून हाताने कचरा वेगळा करणारी माणसं आहेत. मी टाल्कम पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि बेसिनखाली ठेवलाय. तीन वर्षांत तो अजून अर्धासुद्धा भरलेला नाही. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहीन आणि कचरा न्यायला येणाऱ्या दादांच्या हातात वेगळा देईन.