एमएचसी पाठ करण्याआधी ती सरी बघा

मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि बीएस्सीला बेळगावात आलो तर इम्युनॉलॉजी सगळी इंग्लिशमधून. एमएचसी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन, ते प्रोटीनचे तुकडे टी सेलला, म्हणजे रोगप्रतिकारक पेशीला, दाखवतं. त्याचा चॅप्टर मी नुसता घोकला, भागांची नावं, अल्फा वन, अल्फा टू, अल्फा थ्री, बीटा टू मायक्रोग्लोब्युलिन, पेपर झाला आणि एन्ट्रन्सच्या वेळी बघतोय तर काहीच आठवेना, लई त्रास झाला तेव्हा. म्हणून नवीन मुलांना सांगतो, नावं नंतर, आधी आकार बघा.

आपल्याकडं ऊस लावायला सरी पाडतात की नाही, तसंच आहे ते. दोन बाजूचे वरंबे म्हणजे दोन अल्फा हेलिक्स, स्प्रिंगसारखे पीळ, सरीचा तळ म्हणजे आठ पट्ट्यांची बीटा शीट, आणि सरीत उसाची कांडी ठेवतो तसा पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, आडवा पडलेला. एमएचसीचे क्लास वन आणि क्लास टू असे प्रकार आहेत, त्यातल्या क्लास वनची सरी दोन्ही टोकांना बंद, म्हणून साधारण ८ ते १० अमिनो ॲसिडचाच तुकडा बसतो. आणि कांडीचे काही डोळे खाली, काही वर असतात ना? एचएलए-ए२ मध्ये, म्हणजे माणसातल्या एका क्लास वन एमएचसीमध्ये, पेप्टाइडचं दुसरं आणि शेवटचं अमिनो ॲसिड तळातल्या खळग्यात रुततं, मधली काही वर तोंड करून असतात, ती टी सेल वाचते. माणसामाणसातल्या एमएचसीचा फरकही मुख्यतः या सरीतच आहे, किडनी मॅच होणं न होणं त्यावर बरंच अवलंबून, हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसलो होतो.

हे रचनेचं चित्र १९८७ साली आलं, ब्योर्कमन, वायली, स्ट्रॉमिंजर यांच्या ग्रुपकडून, आणि सरीत काहीतरी जास्तीचं पडलेलं त्यांना दिसलं, तेच पेप्टाइड. त्याआधी १९७४ मध्ये झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवलं होतं की टी सेल नुसता व्हायरस ओळखत नाही, सोबत आपलाच एमएचसी लागतो, १९९६ चं नोबेल त्यालाच. ह्या दोन गोष्टी एकत्र वाचा, वेगवेगळ्या वाचून मी वर्ष घालवलं.

लॅपटॉप नसला तरी चालतंय, प्रोटीन डेटा बँक, जिथं प्रोटीनच्या रचना ठेवलेल्या असतात, तिची साइट मोबाइलवर उघडते, फुकट आहे. १एचएचके (1HHK) हा एचएलए-ए२ चा कोड टाका, चेन सी म्हणजे पेप्टाइड, बाकी सगळं लपवून तेवढंच बघा, मग चेन ए, म्हणजे सरी, परत आणा आणि बोटानं फिरवत रहा. अमिनो ॲसिडच्या साइड चेन मात्र आधी पक्क्या करा, त्याशिवाय खळगे कळत नाहीत. ते झालं की क्लास टूचा १डीएलएच (1DLH) उघडा, तिथं सरीची टोकं मोकळी आणि १३ अमिनो ॲसिडचा पेप्टाइड लांबपर्यंत पसरलेला दिसतो.