पहिली मोठी संख्या हातानेच फोडा

दर जूनमध्ये पुण्यात बी.एस्सी.ला गणित घेतलेली कुणी ना कुणी मुलं मला विचारतात, "नंबर थिअरीला पुस्तक कुठलं घेऊ?" अप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतील. आधी एकच संख्या घ्या, ४२९४९६७२९७, आणि आठवडाभर तिच्याशी झटा. (घरी मात्र 'अंकशास्त्र शिकतोय' म्हणू नका. मी म्हटलं होतं, तर मावशीने लगेच स्वतःची जन्मतारीख सांगितली.)

माझी तिच्याशी गाठ कॉम्प्युटर लॅबमध्ये पडली. अवयव काढायचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला, ही संख्या अनसाइन्ड इंटमध्ये (ऋण नसलेल्या पूर्णांकाच्या ३२ बिटांच्या खणात) भरली, छापून पाहिली तर पडद्यावर १! कंपायलरने वॉर्निंग दिली होती, मी वाचली नव्हती. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावतात. आपली संख्या म्हणजे २चा ३२वा घात अधिक १, म्हणून फेरा पूर्ण होऊन १ उरला.

अशाच घडणीच्या (२चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात अधिक १), हिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या. म्हणून सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्माला वाटलं, पुढच्याही मूळच असणार. १७३२ साली स्विस गणिती ऑयलरने दाखवलं, हिला ६४१ने भाग जातो, उत्तर ६७००४१७.

नुसत्या भागाकारात काही नाही, खरी गंमत गाळण्यात आहे. वर्गमूळ ६५५३६च्या आसपास, त्याखाली मूळ संख्या ६५४२. ओळीने भागत बसलात तर ६४१चा नंबर ११६वा. पण ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं की हिच्या मूळ अवयवाला ६४ने भागलं तर बाकी १ उरलीच पाहिजे. मग १९३, २५७, ४४९, ५७७ झाल्या की पाचवी ६४१च. १८७८मध्ये फ्रेंच गणिती लुकासने ६४च्या जागी १२८ आणले, तेव्हा ६४१पर्यंत राहिल्या दोनच: २५७ आणि ६४१. २५७लाही हात लावायची गरज नाही. वरच्या पाच संख्यांचा गुणाकार करून बघा, ४२९४९६७२९५ येतो. लॅबमधलाच आकडा! आपली संख्या त्याहून २ने मोठी, म्हणजे २५७ने भागल्यावर बाकी २.

मला हे वर्गात फळ्यावर कळलं नव्हतं. रात्री होस्टेलवर वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, तेव्हा कळलं.

आता तुमचं काम: ६७००४१७ मूळ आहे का? हिचे अवयव ते आपल्या ४२९४९६७२९७चेही अवयव, म्हणून १२८ची चाळणी इथेही चालते. वर्गमूळ २५८८च्या जरा वर. २५७ बाद, उरल्या ६४१, ७६९, ११५३, १४०९. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, चारच भागाकार आहेत. शेवटच्यात बाकी ६२२ आली नाही, तर पुन्हा करा.