सोसायटीतला उन्हाळा: टँकर, टाकी आणि गच्ची, या चुका टाळा

होळी झाली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप पडतो: 'वरच्या टाकीत पाणी नाही का?' तिथून मृगापर्यंत तीन महिने. एवढ्यात टँकर मोजून घ्यायचे, टाक्या धुवायच्या, गच्ची करून घ्यायची, फांद्या छाटायच्या. आणि ज्यांनी हे बघायचं त्यातली निम्मी मंडळी मे महिन्यात गावाला. मग सगळी कामं शेवटच्या आठवड्यात गळ्याशी येतात आणि चुकाही दरवर्षी त्याच होतात.

टँकर 'दहा हजार लिटरचा' म्हणून सही करू नका

टँकरच्या पाठीवर रंगवलेला आकडा म्हणजे पावती नव्हे. पाणी मोजायचं ते आपल्या खालच्या टाकीत. हिशोब चौथीतल्या मुलाला येईल इतका सोपा आहे. टाकीचा तळ 1 चौरस मीटर असेल तर पाणी 1 सेंटिमीटर चढलं की 10 लिटर आलं. तुमची टाकी आतून 6 बाय 4 मीटर असेल तर तळ 24 चौरस मीटर, म्हणजे सेंटिमीटरमागे 240 लिटर. दहा हजार लिटरला पाणी जवळपास 42 सेंटिमीटर चढलं पाहिजे. सरळ बांबूवर सेंटिमीटरच्या खुणा करा, त्याला खडू फासा, म्हणजे ओली रेघ स्वच्छ दिसते. टँकर लागायच्या आधी एकदा घाला, रिकामा झाल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा घाला. वॉचमनच्या वहीत दोन्ही आकडे, वेळ आणि गाडीचा नंबर. बस.

पण मोजणाराच चुकला तर? पुण्यात कोथरूडकडच्या 24 फ्लॅटच्या एका सोसायटीने मोठ्या उत्साहाने काठी घातली, तर पाणी 33 सेंटिमीटरच चढलेलं. टाकी अशीच 6 बाय 4, म्हणजे 7,920 लिटर. कमिटीने टँकरवाल्याला तोंडावर चोर म्हटलं आणि दुसरा लावला. त्याचं 34 भरलं. तिसरा आणला, त्याचंही 33. आता गावातले सगळेच टँकरवाले मिळून आपल्याला लुटतात अशी खात्री पटली, मीटिंग झाली, तक्रारीचा मसुदा झाला. शेवटी वॉचमनने भीत भीत विचारलं, "साहेब, टँकर खाली होताना आपली मोटार चालू असते, ते चालतं का?" लेव्हल कंट्रोलर ऑटोवर होता. खालच्या टाकीत पाणी आल्याचं कळलं की मोटार आपोआप सुरू. टँकर रिकामा होईपर्यंत दोन हजार लिटर पाणी वर पोचलेलं असायचं. पहिला टँकरवाला त्या वर्षी काही परत आला नाही.

तेव्हा आधी मोटार स्टार्टरवरून बंद करा, कॉर्पोरेशनच्या लाईनचा कॉक फिरवा आणि मगच काठी घाला. टँकर कसा उभा आहे तेही बघा. पाणी मागच्या तोंडातून येतं. गाडीचं मागचं चाक चढावर असेल तर शेवटचे दोन-तीनशे लिटर पोटातच राहतात. ड्रायव्हरला हे तुमच्याआधी माहीत असतं.

टँकर पुरेसे येत असूनही पाणी पुरत नसेल तर गळती शोधा. शहरात माणशी रोज 135 लिटर हे नियोजनाचं प्रमाण धरतात. 24 फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे सुमारे 13,000 लिटर. खर्च याच्या दीडपट दिसत असेल तर रात्री एक ते चार मोटार बंद ठेवून वरच्या टाकीची पातळी मोजा. 5 बाय 3 मीटरची टाकी तीन तासांत 6 सेंटिमीटर उतरली तर 900 लिटर गेले. रात्री कोणी उठतं, फ्लश होतो, तेवढे शे-दोनशे सोडा. उरलेलं पाणी बहुतेक वेळा कमोडमधून चोरपावलांनी जातं. प्रत्येक घरी फ्लशच्या टाकीत चमचाभर नीळ घालायला सांगा. वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये निळं उतरलं की वॉशर गेलं. वॉशर स्वस्त असतं, पण "आमच्याकडे गळत नाही" हे वाक्य सोसायटीला फार महाग पडतं. म्हणून विचारत बसू नका, नीळ घरोघर वाटा.

टाकी धुताना

एक गोष्ट अगदी स्पष्ट: जमिनीखालच्या टाकीत किंवा तिच्या झाकणाशी पेट्रोल-डिझेलचा पंप लावू देऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत कोंडून राहतो, वास येत नाही आणि आत उतरलेला माणूस बाहेर येत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही नाही. विजेचा पंप वापरा, पण वायरला पाण्यात जोड नको. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड असेल तर काम तिथेच थांबवा. माणूस आत असताना पंप बंद आणि प्लग काढलेला. दिवा लागला तर बॅटरीचा, लोंबणारा हॅलोजन नाही. दोन्ही झाकणं निदान तासभर आधी उघडी, आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर एक माणूस सतत हजर. हा वरचा माणूस चहाला जात नाही.

दुसरी चूक, टाइल्सचे डाग घालवायला ॲसिड आणि लगेच मागून ब्लिचिंग पावडर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद टाकीत तो जीवघेणा. ॲसिडला टाकीत कामच नाही. ताठ ब्रश, साधं पाणी, तळाचा गाळ बाहेर, मग ब्लिचिंगचं पाणी भिंतींना लावून अर्धा तास ठेवायचं आणि धुवून टाकायचं.

टँकरच्या पाण्याला ताज्या ब्लिचिंग पावडरचं प्रमाण साधारण 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, दहा हजारांच्या टँकरला 25 ग्रॅम. मूठभर कोरडी पावडर टाकीत भिरकावणं म्हणजे चुना टाकणं. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली भरा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी टाकीत, खालचा साका गटारात. तासाभराने ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून बघा, फिकट पिवळा रंग आला पाहिजे. नाही आला तर पोतं जुनं आहे. उघड्या पोत्यातला क्लोरीन महिन्याभरात उडून जातो आणि पोतं मात्र मीटर रूममध्ये तीन वर्षं बसलेलं असतं.

गच्ची: सगळ्यात महाग घाई

वॉटरप्रूफिंग 25 मेनंतर सुरू करणाऱ्या कमिट्यांना काही सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो. मुदत मृगाची, म्हणजे 7-8 जूनची धरू नका. वळीव एप्रिलमध्येही येतो. कामाला खरं लागतं ते वाळायला वेळ, आणि तो काही ठेकेदार विकत नाही.

उदाहरण एका चार मजली इमारतीचं. गच्चीला जुना वीटकोबा, त्यात भेगा. ठेकेदार म्हणाला, "जुनं फोडायला नको, वरून नवा थर मारू, चार दिवसांत मोकळे." सगळ्यांना चार दिवस आवडले. जुन्यावर 10 सेंटिमीटरचा नवा कोबा पडला. एवढ्या जाडीचं वजन चौरस मीटरला साधारण 200 किलो. गच्ची 280 चौरस मीटर, म्हणजे 56 टन वजन स्लॅबवर कायमचं चढलं आणि कोणी इंजिनिअरला विचारलंही नाही. नव्या थराचं क्युरिंग दोन दिवस झालं, निदान सात हवं होतं. ओल आत असतानाच भर दुपारी कोटिंग मारलं. तापलेल्या कोब्यावर वरचा पापुद्रा लगेच वाळला, आतली ओल वाफ होऊन वर यायला बघत होती. आठवड्यात गच्चीभर फुगे, उडदाचे पापड तळावेत तसे. आणि थर वाढल्याने गच्ची आता जिन्याच्या उंबऱ्याच्या वर गेली, हे पहिल्या मोठ्या पावसात समजलं. पाणी पावसाळी पाईपात जायच्या ऐवजी जिन्यातून उतरलं आणि वाटेत लिफ्टच्या मशीन रूममध्ये गेलं. गच्चीचा खर्च, वर लिफ्टच्या पॅनेलचा. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही थर फोडून मलबा खाली उतरवला, त्याचं बिल तिसरं.

आता हे काम कसं घ्यावं. फेब्रुवारीत गच्ची झाडून स्वच्छ करा आणि काठीने ठोकत फिरा. पोकळ आवाज येतो तिथे खडूने वर्तुळ काढा, तेवढाच भाग फोडायचा. भेग नुसती बुजवू नका, व्ही आकारात साधारण 10 मिलिमीटर खोल उघडा, धूळ काढा, मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. कठड्याची भिंत आणि गच्ची यांचा कोपरा काटकोनी ठेवू नका, गोलाई करून घ्या आणि तिथे फायबरची जाळी कोटिंगमध्ये दाबून बसवा. दहा गळत्यांतल्या बऱ्याचशा याच कोपऱ्यात किंवा पाईपच्या तोंडाशी असतात, मधल्या मोकळ्या जागेत नाही. उतार मीटरला निदान 1 सेंटिमीटर.

कोटिंग सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, मधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असेल तेवढं. पृष्ठभाग कोरडा हवा की ओलसर हेही डब्यावरच असतं: सिमेंट मिसळून लावायच्या मालाला ओलसर लागतो, नुसत्या ॲक्रिलिकला कोरडा. डबा वाचायला पाच मिनिटं लागतात. ठेकेदार वाचत नाही, तुम्ही वाचा.

शेवटी पाणी भरून चाचणी. इथे सगळे म्हणतात, "पिण्याला पाणी नाही, गच्चीवर कुठे भरता?" बरोबर आहे. 280 चौरस मीटरवर अडीच सेंटिमीटर पाणी भरायचं तर 7,000 लिटर लागतात. म्हणून वरची टाकी धुवायचा दिवस चाचणीला जोडून घ्या. टाकीचं काढलेलं पाणी गटारात सोडण्याऐवजी पाईपांची तोंडं बंद करून गच्चीवर सोडा आणि 48 तास ठेवा. पाणी कमी असेल तर मातीचा बांध घालून अर्धी-अर्धी गच्ची तपासा. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्यावा, पहिल्या पावसानंतर दिला तर आणखी चांगलं.

आणि एवढं झाल्यावर कोणीतरी येऊन डिशचा खांब ड्रिल मारून बसवतो. सोलरचे स्टँड, कपड्यांच्या दोऱ्यांचे खिळे, लोखंडी खाटेचे पाय, सगळ्यांनी कोटिंग फाटतं. खांब सिमेंटच्या ठोकळ्यावर उभा करा, ठोकळ्याखाली रबर.

वाळवणाचं भांडण टाळायचं असेल तर कामाच्या पंधरा दिवस आधी जिन्यात नोटीस लावा आणि अर्धी गच्ची मोकळी ठेवा. कुरडया, सांडगे, पापड यांना तीन-चार दिवस कडक ऊन लागतं आणि तो हक्क कोणताही ठराव काढून घेऊ शकत नाही. 'गच्ची बंद' म्हणून ग्रुपवर रात्री अकराला टाकायचं आणि सकाळी सहाला जिन्यात कुरडयांचा चीक घेऊन उभ्या काकूंशी हुज्जत घालायची, याला नियोजन म्हणत नाहीत. वरच्या मजल्यावाल्यांना "तुमचं छत, तुम्ही बघा" हेही नको. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असते.

बाकीच्या, थोडक्यात

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला, भांड्यांचं धुवण चालेल, साबण कमी असेल असं.

नवा एसी बसवताना महावितरणकडचा मंजूर भार वाढवून घ्या. मीटर रूममधल्या केबलचं ढिलं टोक एप्रिलमध्येच जळतं. इलेक्ट्रिशियनकडून सगळे स्क्रू मार्चमध्ये आवळून घ्या. एसीचं पाणी खालच्या घराच्या छज्जावर सोडू नका, पाईप वाढवा.

फायरच्या टाकीतलं पाणी बागेला, गाड्यांना, पिण्याला, कशालाही नाही. आग याच महिन्यांत लागते. परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलैमध्ये बी फॉर्म (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घ्यायचा असतो, त्याच्या मधल्या काळात टाकी अर्धी करून ठेवू नका.

मोटार कोरडी चालवली की सील जळतं. "पाच मिनिटं बघू, येईल पाणी" असं म्हणून स्टार्टर दाबून धरणाऱ्याकडून सीलचे पैसे घ्या.

गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, त्याखाली गाड्या लावता तर एप्रिलमध्येच महापालिकेच्या उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज द्या. परवानगीला वेळ लागतो आणि 1975 च्या झाडं जतन करण्याच्या कायद्याप्रमाणे ती लागतेच. नारळ मे संपायच्या आत उतरवून घ्या.

गावाला जाताना घराचा मेन कॉक बंद करा. दुपारी पाणी गेलेलं असताना उघडा राहिलेला नळ रात्री दोनला सुरू होतो, तुम्ही तेव्हा चिपळूणला असता, आणि वरची टाकी तुमच्या सिंकमधून रिकामी होते. सिंकमध्ये भांडं राहिलं असेल तर खालच्या घराच्या छतातून. किल्ली शेजारी द्या आणि ती कोणाकडे आहे हे वॉचमनला सांगा.

चिमण्यांसाठी पाणी ठेवता, छान. ते रोज बदला आणि आठवड्यातून एकदा भांडं आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून दिल्याने जात नाहीत.