वजनकाटा टिंब गिळतो तेव्हा

लॅबमधली उपकरणं एपिक्सला जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते "तुला लिनक्स येतं ना?" या एका प्रश्नामुळे. येत होतं म्हणजे एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाता येत होतं.

एपिक्स ही अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलमॉस आणि अर्गॉन या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी मिळून वाढवलेली मोफत नियंत्रण प्रणाली. मूळ काम कण-त्वरकांचं, पण गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या डिटेक्टरांतही ती आहे. हिंगोलीत औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाकडे डोळे लावून बसलेल्यांनी ती जरूर शिकावी. कल्पना साधी आहे. प्रत्येक मोजमापाला एक नाव, त्याला म्हणायचं पीव्ही. आयओसी नावाचा प्रोग्राम उपकरणाशी बोलतो. नेटवर्कवरचा कुठलाही संगणक नाव पुकारतो आणि ज्या आयओसीकडे ते असेल तो ओ देतो.

मी सुरुवातच उलटी केली. एपिक्सचा गाभा म्हणजे बेस, उपकरणाशी बोलायला लागणारे एसिन आणि स्ट्रीमडिव्हाइस हे जोड-भाग, वर रंगीत स्क्रीन, सगळं आधी कंपाइल केलं. यात तीन आठवडे गेले. मग उपकरण जोडलं, तर 'एक हजार मिलिसेकंदांत उत्तर नाही' अशा ओळींनी टर्मिनल भरून गेलं. चूक यातल्या कुठल्या थरात आहे, हे कळायला मार्गच नव्हता.

आता नवीन कुणी आलं की मी आधी केबल आणि साधा सिरियल टर्मिनल, म्हणजे उपकरण पाठवेल ते जसंच्या तसं दाखवणारा प्रोग्राम, हातात देतो. एपिक्सचं नावही काढायचं नाही. उबुंटूवर पोर्ट उघडायची परवानगी नाकारली गेली तर स्वतःला 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. हे लॉगआउट विसरून मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

आमचं पहिलं उपकरण होतं डिजिटल वजनकाटा. प्रिंटचं बटण दाबलं की तो आकडा पाठवतो. काट्यावर २४.१८७२ दिसत होतं. टर्मिनलवर अंक बरोबर, फक्त टिंबाच्या जागी कचरा. मला वाटलं, टिंबाचीच काहीतरी भानगड आहे. ते काढून टाकणारा कोडसुद्धा लिहायला घेतला. मग कुणीतरी दुसरा बीकर ठेवला आणि ३, ५, ९ हे अंकही बिघडले. १, २, ४, ७, ८ मात्र ठणठणीत!

शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताईने कागद ओढला आणि प्रत्येक अंकाचा आस्की संकेत (संगणक ते अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो तो) बायनरीत, म्हणजे ० आणि १ मध्ये, लिहून त्यात किती एक आहेत ते मोजायला सुरुवात केली. १ मध्ये तीन, २ मध्ये तीन, ७ मध्ये पाच. ३ मध्ये चार, ५ मध्ये चार, टिंबातही चार. ज्यांच्यात एकांची संख्या सम, तेवढेच बिघडत होते. काटा सात बिट आणि ऑड पॅरिटी पाठवत होता, म्हणजे एकूण संख्या विषम व्हावी म्हणून सम असेल तिथे आठवा बिट १ करत होता. मी आठ बिट, पॅरिटी नाही असं वाचत होतो, त्यामुळे तो जादाचा १ अक्षरातच घुसत होता. सेटिंग बदललं आणि टिंब दिसलं. मॅन्युअलमध्ये हे सगळं एका ओळीत छापलेलं होतं, हे सांगायला नको.

टर्मिनलवर आकडा स्वच्छ आला की पुढचं काम फार नाही. तीच सेटिंग आयओसीच्या स्टार्टअप फाइलमध्ये घालायची, प्रोटोकॉल फाइलमध्ये ओळ कशाने संपते ते लिहायचं आणि त्या पीव्हीसाठी रेकॉर्ड (एपिक्समधली नोंद) तयार करायचा. एक खाचखळगा आहे. काटा स्वतःहून बोलतो, तेव्हा रेकॉर्डला दर सेकंदाला वाचायला लावू नका. स्कॅनमध्ये 'आय-ओ इंटर' (उपकरण बोलेल तेव्हाच वाच) ठेवा, नाहीतर त्या उत्तर-नाहीच्या ओळी पुन्हा सुरू होतील.

आणि पीव्ही तुमच्या मशीनवर दिसतो, पण शेजारच्या संगणकावर नाही, असं झालं तर काट्याला हात लावू नका. चॅनल अ‍ॅक्सेसची, म्हणजे एपिक्सच्या संवाद-पद्धतीची, नाव पुकारणारी हाक नेटवर्कवर यूडीपीच्या ५०६४ पोर्टवर जाते आणि फायरवॉल ती अडवते. फायरवॉल ठीक असेल, तर दोन्ही संगणक एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच तुकड्यात) आहेत का ते बघा. नसतील तर हाक तिथवर पोचतच नाही, अ‍ॅड्रेस लिस्टमध्ये आयओसीचा आयपी स्वतः द्यावा लागतो. आमच्याकडे एक संगणक वायफायवर होता आणि दुसरा वायरवर.