पडद्याची वरची शिलाई निवडताना या चुका टाळा

पडद्याचं कापड निवडण्यात दोन तास जातात. मग दुकानदार विचारतो, "वरून काय, रिंग की प्लेट?" आणि उत्तर येतं, "लावा काहीही, सध्या चालतं ते." मी पडदे शिवते, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक पडद्यांचं दुखणं या उत्तरापासूनच सुरू झालेलं असतं. रॉड कोणता, कापड किती, उंची कुठून मोजायची, हे सगळं वरच्या शिलाईवर ठरतं. म्हणून आधी ती ठरवा, रंग नंतर बघू.

सगळ्यात जास्त गफलत कापडात होते. खिडकी पाच फूट, रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर, झाले ७२ इंच. तयार पडदा साधारण ४ फूट रुंद असतो. लोक दोन आणतात, म्हणजे ९६ इंच. बंद केले की दोरीवर चादर वाळत घातल्यासारखे सपाट! रिंगच्या, म्हणजे वरच्या कडेला गोल रिंगा बसवून त्यांतून रॉड ओवलेल्या पडद्याला रॉडच्या दीडपट ते दुप्पट कापड लागतं. प्लेटच्या, म्हणजे वर तीन-तीन चुण्या बांधलेल्या पडद्याला दुप्पट ते अडीचपट. पैसे वाचवायचेच असतील तर स्वस्त कापड घ्या, पण रुंदी कमी करू नका. साध्या सुती कापडालाही भरपूर चुण्या पडल्या की रूप येतं. (कोरं सुती असेल तर शिवण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आखडतं.)

लूपच्या, म्हणजे वर कापडी पट्ट्यांचे फासे शिवलेल्या पडद्याला सव्वापट ते दीडपट पुरतं, पण लूप रॉडवर अडकत-अडकत सरकतात. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दाराला, जिथे दिवसभर ये-जा असते, तिथे रिंगच बऱ्या. नेफ्याचा, म्हणजे वरच्या दुमडीतून रॉड घातलेला पडदा तर रोज ओढण्यासाठी नसतोच. स्वयंपाकघरातल्या खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकायला तो छान. आजीच्या घरी स्प्रिंगच्या तारेवर नेफ्याचे पडदे होते, मधोमध कायम झोळ.

बेडरूमची खिडकी पूर्वेला असेल तर जरा थांबा. "एवढं जाड ब्लॅकआउट (उजेड अडवणारं कापड) घेतलं, तरी सकाळी उजेड येतोच" ही तक्रार नेहमीची. रिंगच्या पडद्याची वरची कड नागमोडी असते आणि रॉड भिंतीपासून पुढे असतो, त्या फटीतून ऊन येतं. तिथे छताला ट्रॅक, म्हणजे हुक सरकायची पट्टी, लावून प्लेटचा पडदा घ्या. रिंगचा आधीच शिवून झाला असेल तर वरून पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी पेटी, लावून घ्या.

रॉड भिंतीच्या फार जवळ असला तरी चालत नाही. दोन रिंगांत सहा इंच अंतर असेल तर गोळा केलेला पडदा रॉडच्या मागे तीन इंच जातो. रॉड भिंतीला धरणारं ब्रॅकेट त्याहून आखूड असेल तर प्रत्येक घडी भिंतीला घासते.

पडदा मध्येच अडतोय? मधलं ब्रॅकेट बघा. लांब रॉडला ते लागतंच, नाहीतर रॉड वाकतो, पण रिंग त्यावरून पुढे जात नाही. अशा ठिकाणी पडदा दोन भागांत ठेवा आणि एकेक भाग आपापल्या बाजूला सरकवा. बाल्कनीच्या मोठ्या सरकत्या दाराला एकसंध पडदाच हवा असेल तर ट्रॅकला पर्याय नाही.

माप घेतानाही शिलाई विसरू नका. रिंगचा पडदा रॉडच्या वर इंच-दीड इंच डोकावतो, तेवढी उंची धरावी लागते. प्लेटचा पडदा हुकाला खाली लटकतो, त्यामुळे हुकापासून मोजायचं. खाली अर्धा इंच मोकळा सोडा, फरशी पुसताना कड भिजत नाही.

आणि रिंगा नेहमी सम संख्येत. मी स्वतःच्या हॉलच्या पडद्याला घाईत अकरा बसवल्या होत्या. एक कड भिंतीकडे वळली, दुसरी थेट खोलीत, अस्तर दाखवत. काढावी म्हटलं तर मागे भोक राहणार. शेवटी त्याच कापडाची पट्टी कडेला जोडून बारावी रिंग बसवली. जोड मागच्या घडीत जातो, म्हणून अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही.